उडत्या तबकड्यांना हसणारा शास्त्रज्ञ लोकांचं ऐकायला कसा शिकला?

मार्च १९६६. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डेक्स्टर गावाजवळच्या दलदलीत एका शेतकरी कुटुंबाला रात्री विचित्र दिवे दिसले. दुसऱ्याच रात्री हिल्सडेल कॉलेजच्या वसतिगृहातून ८० हून अधिक विद्यार्थिनींनीही दिवे पाहिले. राज्यभर खळबळ उडाली आणि हवाई दलाने तपासासाठी आपला शास्त्रज्ञ पाठवला.

त्यांचं नाव डॉ. जोसेफ अ‍ॅलन हायनेक.

हायनेक यांचा जन्म १ मे १९१० रोजी शिकागोमध्ये, चेक वंशाच्या कुटुंबात झाला. १९३५ साली शिकागो विद्यापीठातून पीएचडी मिळवून ते ओहायोमध्ये खगोलशास्त्र शिकवू लागले.

१९४७ मध्ये केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने नऊ चमकत्या वस्तू वेगाने उडताना पाहिल्याचं सांगितलं. वर्तमानपत्रांनी ‘उडत्या तबकड्या’ हे नाव रूढ केलं आणि देशभरातून अशा बातम्या येऊ लागल्या. शीतयुद्धाचा काळ होता. हे सोव्हिएत रशियाचं एखादं नवं विमान तर नाही ना, ही हवाई दलाची खरी धास्ती होती.

म्हणून १९४८ मध्ये ‘प्रोजेक्ट साइन’ सुरू झाला. त्याचं काम डेटन शहरात चाले आणि हायनेक जवळच राहत. ते सल्लागार झाले. लोकांनी पाहिलेली वस्तू म्हणजे शुक्र, उल्का किंवा एखादा तारा तर नाही, हे तपासणं हे त्यांचं काम. वेळ आणि दिशा कळली की त्या क्षणी आकाशात काय होतं, हे सांगता येई. बहुतेक प्रकरणं अशीच निकालात निघत. हे सगळं चार दिवसांचं खूळ आहे, असं त्यांचं मत होतं.

पण १९५२ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’मध्ये काही नोंदी कशातच बसेनात. साक्षीदारांमध्ये वैमानिक होते, पोलीस होते. १९६४ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या सोकोरो इथे एका पोलीस अधिकाऱ्याने जमिनीवर उतरलेली वस्तू पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा हायनेक स्वतः तिथे गेले. तो माणूस त्यांना खोटारडा वाटला नाही.

आणि मग आलं मिशिगन. पत्रकार परिषदेत हायनेक यांनी एक शक्यता मांडली : कुजलेल्या वनस्पतींपासून दलदलीत तयार होणारा वायू पेटून हे दिवे दिसले असावेत. ही शक्यता फक्त या दोन घटनांपुरती होती. पण वर्तमानपत्रांनी ‘दलदलीचा वायू’ एवढंच उचललं. व्यंगचित्रं निघाली. आपल्याला वेड्यात काढलं, असं साक्षीदारांना वाटलं. मिशिगनचे खासदार आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड यांनी संसदीय चौकशीची मागणी केली.

त्यानंतर हवाई दलाने कोलोरॅडो विद्यापीठाकडे स्वतंत्र अभ्यास सोपवला. पुढे संशोधन करून विज्ञानाला फारसं काही मिळणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. डिसेंबर १९६९ मध्ये ब्लू बुक बंद झालं. एकूण १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनुत्तरित राहिल्या.

हायनेक मात्र थांबले नाहीत. १९७२ च्या पुस्तकात त्यांनी जवळून झालेल्या दर्शनांचे तीन प्रकार मांडले : नुसती वस्तू दिसणं, तिच्या खुणा मागे राहणं आणि तिच्यासोबत सजीव दिसणं. १९७३ मध्ये त्यांनी या विषयासाठी स्वतंत्र अभ्यास केंद्र काढलं. परग्रहवासी येतात हे सिद्ध झालंय, असा दावा त्यांनी केला नाही. साक्षीदाराला हसण्याआधी त्याचं म्हणणं नीट तपासा, एवढाच त्यांचा आग्रह होता.

त्यांच्या तिसऱ्या प्रकाराचं नाव स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९७७ च्या आपल्या चित्रपटाला दिलं. त्यात हायनेक क्षणभर दिसतात. याच चित्रपटातला भारतातला प्रसंग आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात चित्रित झाला होता.

२७ एप्रिल १९८६ रोजी हायनेक यांचं निधन झालं. त्यांच्या जन्माच्या वर्षी आलेला हॅलेचा धूमकेतू त्या वर्षी पुन्हा आला होता.