नामसाधक तत्त्वज्ञ : गुरुदेव रानडे

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

मंत्र म्हटला की आपणा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे सहसा दोन चित्रे उभी राहतात. एक, ओसरीवर माळ ओढीत बसलेल्या आजीचे. दुसरे, गंडे-ताईत विकणाऱ्या भोंदूचे. पहिल्याकडे आपण कौतुकाने पाहतो, दुसऱ्याला हसतो आणि दोन्ही विसरून अभ्यासाला लागतो. परंतु ज्यांनी ग्रीक तत्त्ववेत्त्यांवर निबंध लिहिले, विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले, त्याच गृहस्थांनी पंधराव्या वर्षी घेतलेला मंत्र अखेरच्या श्वासापर्यंत सोडला नाही, हे कळल्यावर मात्र विचार करणे भाग पडते. ते गृहस्थ म्हणजे प्रा. रामचंद्र दत्तात्रेय रानडे, अर्थात आपल्या सीमाभागाचे गुरुदेव रानडे.

त्यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडी येथे झाला. त्या वेळी जमखंडी हे पटवर्धनांचे संस्थान होते; आज ते बागलकोट जिल्ह्यात आहे. घरात मराठी आणि गावात कानडी, असे दोन्ही भाषांचे संस्कार बालपणीच झाले. १९०१ साली, मॅट्रिकच्या उंबरठ्यावर असताना, त्यांना उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाममंत्र मिळाला.

या मंत्राची परंपरा पाहण्यासारखी आहे. भाऊसाहेबांचे गुरू निंबर्गी महाराज हे रंगाऱ्याचा धंदा करणारे गृहस्थ. त्यांचा उपदेश कानडीत होत असे. भाऊसाहेब हे देशपांडे घराण्यातले ब्राह्मण. त्यांनी विजापूर जिल्ह्यात इंचगेरी येथे मठ स्थापला आणि कानडी मुलुखात समर्थांच्या दासबोधाच्या वाचनाचा नेम घालून दिला. रंगाऱ्याकडून देशपांड्यांकडे आणि देशपांड्यांकडून प्राध्यापकाकडे आलेल्या या नामाने जात विचारली नाही आणि भाषाही विचारली नाही. आज उमदी महाराष्ट्रात आहे आणि इंचगेरी कर्नाटकात. पण साधकांची ये-जा थांबलेली नाही.

मंत्र हा शब्द मन् या धातूपासून आला. मनन करण्याचे साधन तो मंत्र, असा त्याचा साधा अर्थ. आरंभी वेदांतील ऋचांनाच मंत्र म्हणत आणि यज्ञात त्यांचा उच्चार मोठ्याने होई. उपनिषदांच्या काळी हा मंत्र यज्ञकुंडाकडून अंतःकरणाकडे वळला. मुंडकोपनिषदात प्रणवाला धनुष्याची, आत्म्याला बाणाची आणि ब्रह्माला लक्ष्याची उपमा दिली आहे. पतंजलींनी प्रणवाच्या जपाबरोबर त्याच्या अर्थाचे चिंतनही सांगितले. मनुस्मृतीने तर विधियज्ञापेक्षा जप श्रेष्ठ मानला आणि जपातही ओठांतल्या ओठांत केलेला वरचा व केवळ मनाने केलेला सर्वांत वरचा ठरविला. परंतु वैदिक मंत्रांचा अधिकार स्त्रियांना व शूद्रांना नाकारला गेला होता. ती कोंडी संतांच्या नामाने फोडली. महाराष्ट्रात विठ्ठलनाम, कर्नाटकात शरणांची षडाक्षरी आणि हरिदासांचे हरिनाम सर्वांच्या जिभेवर आले. हा सारा प्रवास रानड्यांनी ग्रंथांतून पाहिलाच, पण स्वतःच्या देहावर पडताळूनही पाहिला.

तो पडताळा सोपा नव्हता. पुण्यात डेक्कन कॉलेजात शिक्षण झाले. पदवीसाठी त्यांनी गणित निवडले होते. गणिताच्या विद्यार्थ्याला प्रत्येक पायरीचे कारण हवे असते. मंत्राने काय होते आणि का होते, हे प्रश्न त्यांना पडले नसतील असे कसे म्हणावे? १९०९ साली ते गंभीर आजारी पडले. विद्वत्ता हाताशी होती, पण शरीर साथ देईना. या दुखण्यात ते नामाकडे अधिक निष्ठेने वळले आणि पुढे आयुष्यभर त्यांची प्रकृती नाजूकच राहिली. १९१४ साली तत्त्वज्ञान घेऊन ते एम. ए. झाले. त्याच वर्षी भाऊसाहेब महाराजांनी देह ठेवला. गुरूच्या मागे त्यांनी ज्येष्ठ गुरुबंधू अंबुराव महाराज यांच्या सहवासात साधना चालू ठेवली आणि फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापनही केले.

१९२४ च्या सुमारास त्यांनी ती नोकरी सोडली. हाताशी नियमित पगार नसताना १९२६ साली उपनिषदांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला आणि त्याने त्यांचे नाव देशाबाहेर नेले. पुढे अलाहाबाद विद्यापीठाने त्यांना पाचारण केले. तेथे ते तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख झाले, कुलगुरूही झाले आणि १९४६ साली निवृत्त झाले. या काळात सुटी लागली की ते विजापूर-सोलापूर रेल्वेमार्गावरील निंबाळ या लहानशा गावी येत. तेथील त्यांचे घर म्हणजेच आश्रम. दिवसातील पुष्कळ तास ध्यानात आणि उरलेले वाचनात व साधकांच्या सहवासात जात.

१९३३ साली महाराष्ट्रातील गूढवादावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. डॉ. श्री. कृ. बेलवलकर यांच्यासह त्यांनी आखलेल्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा हा सातवा खंड. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम, रामदास यांच्या अनुभवांची छाननी त्यांनी त्यात केली. अनुभव खरा कशावरून, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. देशोदेशींच्या संतांच्या अनुभवांत साम्य दिसते का, त्या अनुभवामुळे बुद्धी मंद होते की तीक्ष्ण होते आणि माणसाचे आचरण सुधारते का, या कसोट्या त्यांनी लावल्या. नामाने आचरण सुधारले नाही तर तो साक्षात्कार मानण्यास ते तयार नव्हते. आपण भोंदूला हसतो. रानड्यांनी भोंदू आणि संत यांना वेगळे ओळखण्याचे माप दिले.

याच परंपरेत मतभेदही झाले, हे सांगितले पाहिजे. भाऊसाहेबांचे दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज विजापुरात एका मारवाडी पेढीवर हिशेबाचे काम करीत. त्यांनी काही वर्षे ध्यान केल्यावर विचाराचा मार्ग जवळचा मानला. मुंगीने झाडावर चढावे तसा ध्यानाचा मार्ग आणि पक्ष्याने थेट फळावर झेपावे तसा विवेकाचा मार्ग, असा भेद त्या शाखेत केला जातो. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज मुंबईत विड्यांचे दुकान चालवीत. रानडे मात्र मुंगीच्याच वाटेने चालत राहिले. एका मंत्रातून दोन वाटा फुटल्या, तरी दोघांच्याही मुळाशी उमदीचे नाम होते.

आपल्या बेळगावशी रानड्यांचा संबंध निकटचा आहे. तौलनिक तत्त्वज्ञान व धर्म यांच्या अभ्यासासाठी १९५२ साली येथे त्यांच्या प्रेरणेने संस्था उभी राहिली. हिंदवाडीतील गुरुदेव रानडे मंदिरात तिचे काम चालते. हिंदी संतांवरील त्यांचा ग्रंथ १९५४ साली आला. कन्नड संतांवरील ग्रंथ त्यांच्या पश्चात १९६० साली प्रसिद्ध झाला. ६ जून १९५७ रोजी निंबाळ येथे त्यांनी देह ठेवला. ज्ञानदेव आणि पुरंदरदास एकाच अभ्यासिकेत बसविणारा हा माणूस. या अंकाच्या मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांना तो आपला वाटावा.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमा आणि खर्च जुळले नाहीत तर चैन पडत नाही. नामाने देव भेटतो की नाही, हे मला सांगता येणार नाही. तो अधिकारही माझा नाही. पण पंचावन्न वर्षांहून अधिक काळ एका माणसाने एक प्रयोग रोज केला, त्याची बुद्धीने तपासणी केली आणि निष्कर्ष जगापुढे मांडला, एवढे तर कोणत्याही हिशेबात धरावे लागेल. हा लेख लिहिताना आजीला विचारले, की इतक्या वर्षांत माळा किती झाल्या. तिने हसून मान हलविली आणि पुढचा मणी ओढला. तिने कधी मोजल्याच नव्हत्या. त्या रात्री प्रथमच मी तिच्याजवळ काही न बोलता बसलो.