वसईचे संत गोन्सालो गार्सिया : कृपेने लाभलेले स्थान

परमेश्वराच्या दयेने आमच्या धर्मग्रामाचा महोत्सव आज साजरा होत आहे. अशा समयी मागील पिढ्यांची आठवण जागी होते. देवळासाठी दगड कोणी वाहिले, जमीन कोणी दिली, गायनवृंदात वर्षानुवर्षे सेवा कोणी केली, यांची मोजदाद होते. ही मोजदाद वाईट नव्हे. कृतज्ञता तिच्यातूनच उपजते. परंतु तिच्याच पोटी एक धोकाही असतो. ख्रिस्तसभेतील आपले स्थान आपणांस वडिलोपार्जित वतन वाटू लागते, आणि आपली सेवा म्हणजे देवावर केलेला उपकार, असा समज होतो. हा भ्रम घालविण्यास आमच्याच वसईत जन्मलेल्या एका संताचे चरित्र पुरेसे आहे, असे आम्हांस वाटते.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारे १५५६-५७ साली वसई येथे झाला. पिता पोर्तुगीज, माता याच कोकणपट्टीतील. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होती, आणि किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या छायेत या बालकाचे शिक्षण झाले. पंधरा-सोळा वर्षांचे वय असता, म्हणजे १५७२ च्या सुमारास, ते त्या धर्मगुरूंसमवेत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की ती त्यांच्या मुखी मातृभाषेसारखी रुळली. सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक या नात्याने त्यांनी मिशनकार्यात कष्ट घेतले. लोकांस प्रार्थना शिकविणे, बाप्तिस्म्याची तयारी करून घेणे, धर्मगुरूंचे बोल जपानी श्रोत्यांस समजावून देणे, हा त्यांचा नित्यक्रम होता.

त्यांच्या मनीची आस एकच होती : येशूसंघात प्रवेश मिळावा. परंतु ती विनंती मान्य झाली नाही. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. सेवा हेच जर प्रवेशाचे मोल असते, तर आठ वर्षांची सेवा कमी नव्हती. तरीही दार उघडले नाही. आमच्यापैकी कित्येकांस देवळातील एखादे पद न मिळाले तरी राग येतो, आणि मग रविवारचा मिस्साही टळू लागतो. गोन्सालो यांनी मात्र ख्रिस्तसभेकडे पाठ फिरविली नाही. ते मिशनकार्यातून निघून व्यापारात पडले; मकाव बंदरी उतरले; धंद्यास बरकतही आली. पैसा हाती आला, परंतु अंतरीची हाक शमली नाही.

पुढे ते फिलिपाईन्समधील मनिला शहरी आले. तेथे संत फ्रान्सिसचे अनुयायी दारिद्र्यव्रताने राहून गोरगरिबांची सेवा करीत होते. त्यांच्या सहवासात गोन्सालो यांनी आपला व्यापार सोडला, आणि फ्रान्सिस्कन संघात साधे धर्मबंधू म्हणून त्यांचा स्वीकार झाला. जे मागितले होते ते एका दारी मिळाले नाही. दुसऱ्या दारी ते देणगी म्हणून ओंजळीत पडले. ते धर्मगुरू झाले नाहीत, अधिकारपद त्यांस लाभले नाही. झोळी, झगा आणि काम, एवढेच त्यांच्या वाट्यास आले, आणि त्यातच त्यांस समाधान होते.

देवाची योजना पाहा. १५९३ साली फिलिपाईन्सच्या गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे शिष्टमंडळ धाडले. त्याचे प्रमुख फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता हे होते. त्यांस दुभाषा हवा होता, आणि ते काम धर्मबंधू गोन्सालो यांजवर आले. पूर्वीची जी वर्षे वाया गेली असे कोणास वाटले असते, त्याच वर्षांत शिकलेली भाषा आता उपयोगी पडली. क्योतो नगरात फ्रान्सिस्कनांनी मठ व मंदिर उभारले, आणि ज्यांस जवळ करण्यास कोणी धजत नसे त्या कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालविले.

१५९६ साली सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. त्या प्रकरणातून हिदेयोशीचा संशय व कोप भडकला, आणि मिशनऱ्यांस व त्यांच्या सोबत्यांस कैद करण्याचा हुकूम सुटला. १५९७ च्या जानेवारीत क्योतो येथे चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. मग ऐन हिवाळ्यात त्यांस सुमारे महिनाभर चालवीत नागासाकीकडे नेले. वाटेत त्यांची शुश्रूषा करीत सोबत चालणारे दोघे ख्रिस्ती जनही पहाऱ्यात घेतले गेले, आणि संख्या सव्वीस झाली.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्या सर्वांस क्रूसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा जपानी सामान्य जन होते. बारा-तेरा वर्षांची बालकेही होती. येशूसंघीयांपैकी दोघांस संघाच्या शपथा घेण्याचे भाग्य मरणापूर्वी थोडाच काळ लाभले. ज्या संघाचे दार गोन्सालो यांस उघडले नव्हते, त्याच संघाचे पुत्र आता त्यांच्या रांगेत क्रूसावर होते. तेथे जुना कोण, नवा कोण, वाटेवर सामील झालेला कोण, हा भेद उरला नाही. द्राक्षमळ्यातील उशिरा आलेल्या मजुरांचा दाखला त्या टेकडीवर डोळ्यांदेखत खरा ठरला.

१६२७ साली त्यांस धन्य म्हणून गौरविण्यात आले, आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीसही हुतात्म्यांस संतपद दिले. मध्यंतरी १७३९ साली वसईचा किल्ला मराठ्यांनी घेतला व आतील देवळे ओस पडली. परंतु श्रद्धा ओस पडली नाही. भारतभूमीत जन्मलेले हे पहिले संत आज वसई धर्मप्रांताचे आश्रयदाते आहेत, आणि गास येथील देवळास त्यांचेच नाव आहे.

प्रिय धर्मबंधूंनो व भगिनींनो, बाप्तिस्म्याचे पाणी आपल्या मस्तकी पडले तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांस बोलताही येत नव्हते. मग त्या दिवशी आपण कोणते पुण्य गाठीस बांधून आलो होतो? ख्रिस्तसभेतील आपले स्थान दान आहे. देऊळ झाडण्याचे, आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचे, मुलांस प्रश्नोत्तरी शिकविण्याचे कामही दानच आहे. ज्यास हे उमगले तो पदासाठी भांडणार नाही, आणि उद्या दारी येणाऱ्या नवागतास परका म्हणणार नाही. या महोत्सवाचे एवढे फळ आमच्या धर्मग्रामास लाभावे, म्हणून संत गोन्सालो यांनी आम्हांसाठी देवापाशी विनवणी करावी, हीच आमची प्रार्थना.