डेऱ्यातले आयुष्य : कर्नल विल्यम लॅम्बटन

हैदराबादच्या भोवतालची जमीन तंबू ठोकणाऱ्याची कसोटी पाहते. ग्रॅनाइटचे उघडे घुमट, एकावर एक रचून ठेवल्यासारख्या अवाढव्य शिळा आणि त्यांच्यामध्ये जेमतेम वीतभर मुरूम. मेखेवर घण घातला की ठिणगी उडते, मेख आत जात नाही. अशा जागी तणावे शिळांना गुंडाळून बांधावे लागतात किंवा धोंड्यांच्या ढिगाखाली दाबावे लागतात. उत्तरेकडे सरकून काळ्या कापसाच्या जमिनीत शिरावे, तर तिथे वेगळीच अडचण. मेख सहज रुतते खरी, पण जमीन भिजली की वाऱ्याच्या पहिल्या झोताला उपसून येते. कर्नल विल्यम लॅम्बटन यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे या दोन्ही प्रकारच्या भूमीवर डेरे टाकण्यात गेली. जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव जगातील सर्वोच्च शिखराला लाभले; ज्यांच्या हाताखाली ते हे काम शिकले, त्या लॅम्बटन यांची कबर मात्र विदर्भात, हिंगणघाटला आहे.

यॉर्कशायरमधील सामान्य घरात जन्मलेले लॅम्बटन सैन्यात शिरले आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला कैद झाले. पुढे न्यू ब्रन्सविकमध्ये सूर्यग्रहण पाहताना त्यांच्या एका डोळ्याला कायमची इजा झाली. भारतात पाऊल ठेवले तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. १७९९ च्या म्हैसूर मोहिमेत एका रात्री फौज भलत्याच दिशेने शत्रूकडे चालली आहे, हे त्यांनी ताऱ्यांवरून ओळखले, अशी हकीकत सांगितली जाते. श्रीरंगपट्टण पडल्यावर द्वीपकल्प आरपार मोजण्याची योजना त्यांनी मांडली.

या कामासाठी मागवलेला, सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट वाटेतच फ्रेंचांच्या हाती लागला. त्यांनी तो सन्मानाने परत पाठवला. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे पहिल्या आधाररेषेची मोजणी सुरू झाली. साडेसात मैलांसाठी ५७ दिवस लागले, कारण उन्हाने पोलादी साखळी किती वाढते याचाही हिशेब ठेवला जात होता. तेथून त्रिकोणांची माळ आपल्या शेजारच्या मंगळूरपर्यंत आली, आणि नकाशांत ४०० मैल रुंद दाखवले जाणारे द्वीपकल्प प्रत्यक्षात ३६० मैलांचेच निघाले.

१८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर थिओडोलाइट चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे वर्तुळ वाकले. दुसऱ्या कोणी हाय खाल्ली असती. लॅम्बटन एका तंबूत शिरले, मोजक्या कारागिरांखेरीज कुणालाही आत येऊ दिले नाही, आणि सहा आठवडे पाचरी, स्क्रू व कप्प्यांच्या साहाय्याने ते वर्तुळ केसाकेसाने पूर्वस्थितीत आणीत राहिले. त्याच यंत्रावर पुढे वर्षानुवर्षे काम चालले.

१८१५ पर्यंत कन्याकुमारीपासून बिदरपर्यंतचे सुमारे दहा अंश मोजून झाले आणि हैदराबाद हे कामाचे मुख्य ठाणे बनले. वाटसरू मुक्कामाला पाणी, सावली आणि सपाटी शोधतो. सर्वेक्षकाला ती मुभा नव्हती. जिथून दूरची दुसरी टेकडी दिसेल तीच त्याची जागा, मग ती कितीही उघडी वा निसरडी असो. यंत्र स्थिर खडकावर उभे राहिले पाहिजे, वाऱ्याने फडफडणाऱ्या कापडाचा धक्काही त्याला लागता कामा नये. म्हणजे छत हवे, पण ते यंत्रापासून अलग हवे. हे डेरे उभारणाऱ्या गड्यांना खलाशी म्हणत. गोव्यात हा शब्द जहाजाशिवाय उच्चारला जात नाही, पण दोर, गाठी आणि कापड हाताळणारे हे हात समुद्रापासून शेकडो मैल दूर, डोंगरमाथ्यावर राबत होते. त्यांची नावे सहसा कुणाच्या ओठी नसतात.

१८१८ च्या अखेरीस एव्हरेस्ट हैदराबादला रुजू झाले. लॅम्बटन तेव्हा साठीच्या पुढे होते. त्यांनी या तरुण अधिकाऱ्याला कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या प्रदेशात धाडले. पावसाने धुतलेल्या हवेत दूरवरचे स्पष्ट दिसते, म्हणून ऐन पावसाळ्यात काम करायचे आणि ओल्या जमिनीवर झोपायचे. १८१९ मध्ये येल्लापुरमच्या सागाच्या जंगलात तापाने गाठले. काही दिवसांत सुमारे दीडशे माणसे आडवी झाली. त्यांना आणण्यासाठी हैदराबादहून हत्ती आणि पालख्या पाठवाव्या लागल्या. एव्हरेस्ट वाचले, पण प्रकृती सुधारण्यासाठी त्यांना केप ऑफ गुड होपला जावे लागले. कामाच्या अचूकतेसाठी किती माणसे पणाला लावावीत, हा प्रश्न तेव्हा कुणी मोठ्याने विचारलेला दिसत नाही. लॅम्बटन यांच्या थोरवीइतकाच तोही लक्षात ठेवायला हवा.

१८२२ मध्ये विल्यम हॅवेल यांनी लॅम्बटन यांचे तैलचित्र काढले. त्यांना खोकल्याने ग्रासले होते. तरीही १८२३ च्या जानेवारीत, ठाणे नागपूरला हलवण्यासाठी, त्यांनी हैदराबाद सोडले. नागपूर सुमारे पन्नास मैलांवर राहिले असताना, २० जानेवारीला, हिंगणघाटच्या मुक्कामात त्यांचे निधन झाले.

एव्हरेस्ट तेव्हा जवळ नव्हते. सूत्रे त्यांच्याकडे आली, आणि लॅम्बटन यांनी आखलेली रेषा हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेण्याचे काम १८४१ मध्ये पूर्ण झाले.