विलिस कॅरियर : दाबाच्या मुळाशी जाणारा अभियंता

भर उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र एकाएकी बंद पडते. पुन्हा सुरू केले, तर काही मिनिटांत कॉम्प्रेसर परत थांबतो. तंत्रज्ञांच्या भाषेत यंत्र ‘हाय प्रेशर’वर ट्रिप झालेले असते. शीतक वायूचा दाब मर्यादेपलीकडे गेल्याची ती सूचना असते. या दाबाचा धोका ओळखून त्यावर मुळातूनच उपाय शोधणारे अभियंते म्हणून आधुनिक वातानुकूलनाचे जनक विलिस हॅविलँड कॅरियर यांचे स्मरण करावे लागते.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, अँगोला या गावाजवळील शेतकरी कुटुंबात २६ नोव्हेंबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. बालपणी अपूर्णांकांचे गणित त्यांना उमगत नसे. आईने सफरचंदांचे तुकडे करून ते समजावले. अवघड प्रश्नाचे लहान भाग पाडण्याची सवय त्यांना तेथूनच लागली. ते अकरा वर्षांचे असताना आईचे छत्र हरपले. पुढे शिष्यवृत्तीच्या आधारे कॉर्नेल विद्यापीठातून १९०१ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते बफेलो फोर्ज कंपनीत रुजू झाले.

वर्षभरातच ब्रुकलिनमधील एका छापखान्याची अडचण त्यांच्यापुढे आली. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आकसे आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसत नसत. थंड नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यातील बाष्प काढून घेण्याची योजना कॅरियर यांनी आखली. तिच्या आराखड्यांवर १७ जुलै १९०२ ही तारीख आहे. वातानुकूलनाचा जन्म असा माणसांच्या सुखासाठी नव्हे, तर कागदासाठी झाला. १९०६ मध्ये त्यांना हवेवर प्रक्रिया करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. १९११ मध्ये त्यांनी हवेचे तापमान आणि आर्द्रता यांचे गणित अभियंत्यांच्या सभेत मांडले. महायुद्धाच्या काळात त्यांच्या कंपनीने हा विभाग गुंडाळायचे ठरवले, तेव्हा १९१५ मध्ये सहा सहकाऱ्यांसह त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

मात्र खरी कसोटी पुढेच होती. कॉम्प्रेसर शीतक वायू दाबतो आणि कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून तो वायू द्रवरूप होतो. त्या काळच्या अमोनिया यंत्रांत हा दाब वातावरणाच्या बारा-तेरा पट चढे आणि अमोनिया विषारी. कार्बन डायऑक्साइड वापरावा, तर दाब सत्तर पटींच्या घरात जाई. प्रेक्षकांनी भरलेल्या नाट्यगृहात अशी नळी फुटली तर काय होईल, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. कॅरियर यांनी १९२२ मध्ये केंद्रापसारी शीतयंत्र सादर केले. त्यातील डायलीन हा शीतक वातावरणापेक्षाही कमी दाबावर काम करी. गळती झालीच, तर वायू बाहेर पडण्याऐवजी बाहेरची हवा आत शिरे. या सोयीची किंमतही होती. आत शिरलेली हवा द्रवरूप होत नाही, ती कंडेन्सरमध्ये साचते आणि तेथील दाब वाढवते. म्हणून ती वेळोवेळी काढून टाकावी लागते.

न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहासाठी हे यंत्र निवडले गेले, तेव्हा शहराच्या सुरक्षा अधिकाऱ्याने नव्या शीतकाला हरकत घेतली. कॅरियर यांनी त्याच्यासमोर भांड्यातील शीतकात पेटती काडी टाकली. स्फोट न होता द्रव संथपणे जळला, अशी हकिकत सांगितली जाते. १९२५ मध्ये तेथे पहिला खेळ झाला. यंत्र उशिरा सुरू झाल्याने सभागृह तापलेले होते. प्रेक्षकांच्या हातातील पंखे हळूहळू थांबले, तेव्हा कॅरियर यांचा जीव भांड्यात पडला.

आजच्या बहुतेक यंत्रांतील शीतक पुन्हा उच्च दाबावर चालतात. त्यामुळे दाब वाढताच कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच बसवलेला असतो. तो स्विच म्हणजे बिघाड नव्हे, बिघाडाची वर्दी होय. कंडेन्सरवर धूळ साचली आहे का, पंखा फिरतो का, पाण्यावर चालणाऱ्या यंत्रात पाणी पुरेसे वाहते का, हे आधी पाहावे लागते. त्यानंतर शीतक जास्त भरला गेला आहे का, याचा शोध येतो. यंत्र थांबवून ते भोवतालच्या तापमानाला आल्यावर दाब तक्त्यातील आकड्यापेक्षा जास्त भरला, तर आत हवा शिरल्याचा संशय बळावतो. मापक आणि स्विच अचूक असल्याची खात्रीही करावी लागते. ही तपासणी टाळून स्विचची तार जोडून टाकणे म्हणजे संकटाला निमंत्रण देणे होय.

७ ऑक्टोबर १९५० रोजी कॅरियर यांचे निधन झाले. हा सुरक्षा स्विच त्यांच्या नावाने ओळखला जात नाही. परंतु लक्षण दडपण्याऐवजी मोजमाप घेऊन कारण शोधण्याची जी शिस्त त्यांनी आयुष्यभर पाळली, तीच ट्रिप झालेल्या यंत्रापुढे उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला आजही उपयोगी पडते.