थॉमस ग्रॅहॅम

थॉमस ग्रॅहॅम (१८०५–१८६९) हे स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ होते. वायूंचे विसरण, कलिले आणि अपोहन या विषयांतील मूलभूत संशोधनासाठी ते ओळखले जातात. तापलेल्या पॅलेडियममधून हायड्रोजन वेगळा करता येतो, हे त्यांनी दाखवले. आजचे पटल-रिअ‍ॅक्टर याच गुणधर्मावर उभे आहेत.

जीवन

ग्रॅहॅम यांचा जन्म ग्लासगो येथे झाला. त्यांचे वडील कापड उत्पादक होते व मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी त्यांची इच्छा होती. मात्र ग्लासगो विद्यापीठात थॉमस थॉमसन यांच्या अध्यापनामुळे ग्रॅहॅम रसायनशास्त्राकडे वळले. वडिलांनी आर्थिक साहाय्य थांबवल्यावर अध्यापन व लेखन करून त्यांनी चरितार्थ चालवला. १८३० मध्ये ते ग्लासगो येथेच अँडरसन यांच्या संस्थेत प्राध्यापक झाले. १८३७ ते १८५५ या काळात ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्राध्यापक होते. १८४१ मध्ये स्थापन झालेल्या केमिकल सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष होत. १८५५ पासून मृत्यूपर्यंत ते शाही टांकसाळीचे प्रमुख होते. १८६२ मध्ये त्यांना कॉप्ली पदक मिळाले.

संशोधन

वायूच्या विसरणाचा वेग त्याच्या घनतेच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असतो, हा नियम ग्रॅहॅम यांच्या नावाने ओळखला जातो. १८६१ मध्ये त्यांनी पटलाच्या साहाय्याने कलिले व स्फटिकाभ द्रव्ये वेगळी केली आणि या क्रियेस अपोहन हे नाव दिले. १८६६ मध्ये त्यांनी पॅलेडियमवरील प्रयोग प्रसिद्ध केले. हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक शेपट हायड्रोजन शोषतो, असे त्यांना आढळले.

वारसा

नैसर्गिक वायू व वाफ यांपासून हायड्रोजन बनवताना अभिक्रिया समतोलापाशी अडते. त्यामुळे पारंपरिक रिअ‍ॅक्टरमध्ये निकेल उत्प्रेरक असूनही सुमारे ८०० अंश सेल्सिअस किंवा अधिक तापमान ठेवावे लागते. शुद्धीकरणही नंतर स्वतंत्रपणे करावे लागते. पटल-रिअ‍ॅक्टरमध्ये तयार होणारा हायड्रोजन पॅलेडियमच्या पातळ पटलातून सतत बाहेर काढला जातो. त्यामुळे समतोल उत्पादिताच्या बाजूस सरकतो, कमी तापमान पुरते आणि शुद्ध वायू थेट मिळतो. मात्र पॅलेडियम महाग आहे, गंधकाच्या संयुगांमुळे पटलाची कार्यक्षमता घटते आणि त्यास तडेही जाऊ शकतात. म्हणून मोठ्या कारखान्यांत अजूनही पारंपरिक पद्धतच प्रचलित आहे.