सुभेदार रामजी सकपाळ



संत योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही. तशाच एका अबोल बापाची आज आपण आठवण करू या. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी लष्करी शाळेत शिकवत. सुभेदार म्हणून निवृत्त झाले. १८९६ मध्ये पत्नी भीमाबाई वारल्या. पुढे परळच्या चाळीत, एकाच खोलीत, ते भिवाला रात्री दोनला अभ्यासासाठी उठवत. पुस्तकाला पैसे नसले की विवाहित लेकीचा दागिना मागून गहाण ठेवत, पेन्शन आली की सोडवून देत. शिस्तीचा लष्करी माणूस लेकीपुढे हात पसरतो, हे आम्हाला फार मोठे वाटते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी, बडोद्याहून धावत आलेल्या मुलाच्या पाठीवर हात फिरवून त्यांनी प्राण सोडला.