हजरत अबू हुरैरा : मांजरीच्या पिल्लाचे वडील

सहेरीची वेळ. गोंडपिपरीत अजून अंधार असतो. काही घरांत रोजाची तयारी चाललेली असते, तर काही घरांतली माणसे टोपल्या घेऊन मोहफुले वेचायला निघालेली असतात. वाघाच्या भीतीने तीही एकेकटी जात नाहीत. आमच्या घरी याच वेळी एक पाहुणी येते. मागच्या अंगणात सरपणाच्या ढिगाआड एक भुरकी मांजर येऊन बसते. ती कुणाची पाळलेली नाही. पहिल्या रमजानात नुसता हात पुढे केला तरी फिस्कारून पळायची. आता पायरीपर्यंत येते, समोर बसून खाते, पण उचलू देत नाही. घरातली मुले विचारतात, ही आपली आहे की नाही?

या प्रश्नावर मला नेहमी हजरत अबू हुरैरा (रजि.) आठवतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सहवासात राहिलेल्यांना सहाबी म्हणतात. त्यांतले हे एक थोर सहाबी. प्रेषितांच्या उक्ती आणि कृतींच्या ज्या नोंदी, म्हणजे हदीस, आपल्यापर्यंत पोहोचल्या, त्यांतल्या सर्वाधिक त्यांच्या तोंडून आलेल्या आहेत. पुनरावृत्ती धरून हा आकडा 5,374 सांगितला जातो. एवढा मोठा माणूस, पण जग त्यांना ओळखते ते एका मांजरीच्या पिल्लावरून. अरबीत अबू म्हणजे वडील आणि हुरैरा म्हणजे मांजरीचे छोटे पिल्लू.

त्यांचे खरे नाव बहुतेक चरित्रकार अब्दुर्रहमान असे देतात. ते यमनकडच्या दौस कबिल्यातले. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले. घरच्या शेळ्यामेंढ्या चारायला नेणे हे त्यांचे काम. नावामागची हकीकत त्यांनी स्वतःच पुढे लोकांना सांगितली. त्यांच्याजवळ मांजरीचे एक लहानगे पिल्लू होते. दिवसा ते त्याला कळपाबरोबर घेऊन जात, त्याच्याशी खेळत. रात्र झाली की त्याला एका झाडावर ठेवत. एका कथनात असे येते की ही पिल्ले रानमांजरीची होती आणि कळप चारताना त्यांना सापडली होती. दुसऱ्या एका कथनात ते पिल्लू अंगरख्याच्या बाहीत ठेवून फिरत असल्याचा उल्लेख आहे. लोकांनी थट्टेने नाव ठेवले आणि तेच कायमचे झाले. पुढे प्रेषितही त्यांना प्रेमाने अबा हिर्र, म्हणजे मांजराचे वडील, अशी हाक मारत.

झाडावर ठेवण्याची ही गोष्ट लहान वाटते, पण तिच्यात मोठी समज आहे. त्यांनी पिल्लाच्या गळ्यात दोरी बांधली नाही, त्याला टोपलीखाली झाकले नाही. जिथे त्याला सुरक्षित वाटेल तिथे ठेवले आणि सकाळी पुन्हा सोबत घेतले.

हिजरी 7, म्हणजे इसवी सन 628 च्या सुमारास ते मदीनेला आले. तेव्हा वय तिशीच्या आसपास. हातात व्यापार नव्हता, शेती नव्हती, राहायला घर नव्हते. प्रेषितांच्या मशिदीला लागून एक छप्पर होते, त्याला सुफ्फा म्हणत. घरदार नसलेली गरीब माणसे तिथे राहत आणि प्रेषितांकडून शिकत. कुठून काही आले तर खायचे, नाहीतर उपाशी. अबू हुरैरा त्यांच्यातच राहू लागले. भुकेने ते पोटाला दगड बांधत. कधी मशिदीत ग्लानी येऊन पडत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटे, याला फेफरे आले आहे. खरे तर ती नुसती भूक असे.

एकदा ते रस्त्यावर बसून राहिले. हजरत अबू बक्र (रजि.) जाताना दिसले. अबू हुरैरांनी त्यांना कुरआनातल्या एका आयतीबद्दल विचारले. आयत त्यांना ठाऊक होती. बोलता बोलता ते आपल्याला घरी जेवायला नेतील, एवढीच आशा होती. ते उत्तर देऊन पुढे गेले. मग हजरत उमर (रजि.) आले. त्यांच्याबाबतही तेच घडले. नंतर प्रेषित आले. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिले, हसले आणि सोबत घरी नेले. घरात कुणीतरी भेट पाठवलेले दुधाचे एक भांडे होते. प्रेषितांनी सुफ्फावरच्या सगळ्यांनाच बोलवायला सांगितले. अबू हुरैरा मनात खट्टू झाले. एवढ्याशा दुधात इतके लोक, मग आपल्याला काय उरणार? तरी ते गेले आणि सर्वांना घेऊन आले. भांडे एकेकाच्या हाती दिले. सर्व तृप्त झाले. शेवटी त्यांची पाळी आली. प्रेषितांनी त्यांना पुन्हा पुन्हा प्यायला लावले. आता पोटात जागा नाही असे म्हणेपर्यंत ते प्यायले आणि उरलेले दूध प्रेषितांनी घेतले.

श्रद्धावान याला चमत्कार मानतात. मला त्यातली पहिली गोष्ट तितकीच मोठी वाटते. भूक तोंडाने बोलत नव्हती, तरी ती चेहऱ्यावरून ओळखली गेली. मांजरही मागत नाही, नुसती दाराशी येऊन बसते. जो स्वतः असा रस्त्याकडेला बसला होता, त्याच्या आठवणीत मुक्या प्राण्यांच्या तहानभुकेच्या गोष्टी राहिल्या, यात नवल ते काय?

तहानेने ओली माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या मोज्यात पाणी भरून आणणाऱ्याला अल्लाहने क्षमा केली, ही प्रसिद्ध हदीस अबू हुरैरांकडूनच आलेली आहे. मांजरीला कोंडून मारणाऱ्या बाईची हदीसही त्यांनी सांगितली आहे. त्या बाईला शिक्षा झाली, कारण तिने मांजरीला खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खाऊन जगायला मोकळेही सोडले नाही. पोसणे आणि मोकळे ठेवणे, दोन्ही वाटा खुल्या होत्या. बांधून उपाशी ठेवणे हा गुन्हा होता. आणखी एक सहाबी, अबू कतादा (रजि.), वुजूसाठी, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय धुण्यासाठी ठेवलेल्या पाण्याकडे मांजर आली तेव्हा तिला नीट पिता यावे म्हणून त्यांनी भांडे कलते केले. पाहणाऱ्यांना नवल वाटले. त्यांनी सांगितले की मांजर अपवित्र नाही, ती आपल्या अवतीभोवती वावरणाऱ्यांपैकीच आहे, अशी प्रेषितांची शिकवण आहे.

प्रेषितांचा सहवास अबू हुरैरांना जेमतेम चार वर्षे लाभला. इतक्या थोड्या काळात इतके कसे ऐकले, असे लोक त्यांच्या हयातीतच विचारत. त्यांचे उत्तर साधे होते. मक्केहून आलेले साथी बाजारात व्यापारात असत, मदीनेचे साथी शेतीबागायतीत. आपण मात्र पोटापुरते मिळाले की प्रेषितांजवळच बसून राहत होतो. जिथे इतर नसत तिथे आपण असू आणि जे इतर विसरत ते आपण लक्षात ठेवू.

आईवर त्यांचा फार जीव. एकदा उपाशी साथीदारांना प्रेषितांनी दोन-दोन खजूर दिले. अबू हुरैरांनी एक खाल्ला आणि एक आईसाठी बाजूला ठेवला, असे सांगतात. हे कळल्यावर प्रेषितांनी तो त्यांनाच खायला लावला आणि आईसाठी वेगळे दोन दिले. आई हयात असेपर्यंत तिची सोबत सुटू नये म्हणून ते हजला गेले नाहीत.

पुढे दिवस पालटले. ज्या घरी ते पोटापाण्यासाठी चाकरी करत होते, त्याच घरच्या बाईशी, बुसरा बिन्त गजवान यांच्याशी, त्यांचा विवाह झाला. खलीफा हजरत उमर यांनी त्यांना बहरीनचे अधिकारी नेमले. मग संपत्तीचा हिशेब मागून पदावरून दूरही केले. नंतर पुन्हा पद देऊ केले तेव्हा त्यांनीच नको म्हटले. उतारवयात मदीनेचा कारभार काही काळ त्यांच्याकडे होता. तेव्हाही पाठीवर सरपणाची मोळी घेऊन ते बाजारातून जात आणि अमीरांना वाट द्या, असे हसत हसत म्हणत. त्यांच्या घरी रात्रीचे तीन भाग केलेले असत. ते, पत्नी आणि सेवक आळीपाळीने उठून नमाज पढत. हिजरी 57 ते 59 च्या दरम्यान, म्हणजे इसवी सन 677 ते 679 च्या आसपास, मदीनेत त्यांचे निधन झाले. वय अठ्ठ्याहत्तरच्या घरात होते. जन्नतुल बकी या कब्रस्तानात त्यांना दफन केले गेले.

आता पुन्हा आमच्या सरपणाच्या ढिगाकडे. बिथरलेली मांजर माणसाळायची तर घाई उपयोगाची नाही. रोज एका ठरावीक वेळी, एकाच जागी खायला आणि पाणी ठेवावे. लांब बसावे. टक लावून पाहू नये, पकडायला धावू नये. काही दिवसांनी ती स्वतः अंतर कमी करते. मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा सोसत नाही. भाताबरोबर मासळी किंवा मटणाचा बिनहाडकाचा तुकडा आणि स्वच्छ पाणी चांगले. जवळ येऊ लागली की पशुवैद्यकाच्या सल्ल्याने रेबीजची लस द्यावी आणि नसबंदी करून घ्यावी. नाहीतर दयेपोटी वाढलेली पिल्ले पुन्हा रस्त्यावरच उपाशी फिरतात. चावली किंवा ओरखडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. शेताच्या बांधावर, गवतात कधी रानमांजराची पिल्ले दिसतात. ती घरच्या मांजरीसारखीच वाटतात, पण ती वन्यजीव आहेत आणि 1972 च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. त्यांची आई बहुधा जवळच असते. त्यांना उचलून घरी आणू नये. दुरून पाहावे आणि वनविभागाला कळवावे. अबू हुरैरांच्या काळी कळपामागे फिरणाऱ्या मुलाला ती सोबत मिळाली. आज जंगल आक्रसत असताना त्या पिल्लांना त्यांची आई मिळू देणे हीच खरी माया.

मुलांच्या प्रश्नाला मी आता उत्तर देतो. ती मांजर आपली नाही, पण तिची भूक आपल्या दारी आलेली आहे. दिवसभराचा रोजा माणसाला एवढे तरी शिकवतो, की पोट रिकामे असले म्हणजे काय होते. संध्याकाळी इफ्तारचा खजूर तोंडात टाकण्याआधी आमची धाकटी मागच्या पायरीवर वाटी ठेवून येते. ढिगाआड दोन डोळे चमकतात. ती वाटी ठेवून मागे सरकते आणि मांजर पुढे येते.